डेअरीच्या फळ्यावरची अमेरिका

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला काय येतं आणि काय येत नाही, याचा घरात कुणालाच अंदाज नाही. शिरूरला राज्यशास्त्र शिकते म्हटल्यावर वडिलांना वाटतं मी तहसीलदार होणार. दौंडच्या मामाला वाटतं मी टीव्हीवर चर्चेला बसणार. आणि आमच्या दूध डेअरीच्या रांगेतल्या लोकांना वाटतं, जगात कुठंही काही बिघडलं की त्याचं कारण मला माहीत असायलाच पाहिजे. मी अमेरिकेवर लिहायला लागले ते या शेवटच्या लोकांमुळे. तसं माझ्या मनात काही नव्हतं. आजही कुणी मला लिहिणारी म्हटलं तर मी मागं वळून बघते, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

आमचं गाव केंदूरच्या बाजूला. वडील कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत शिफ्टला जातात, म्हणून गोठा आईचा. सकाळी आई धार काढते, आणि किटली घेऊन आम्ही दोघी डेअरीत जातो. तिथून मी तशीच एसटी गाठते. डेअरीत रांग असते. दूध मापायचं, मशीनवर फॅट काढायची, चिठ्ठी घ्यायची, यात वेळ जातो, आणि त्या वेळात गावचं सगळं राजकारण उरकतं.

अशाच एका सकाळी रांगेतल्या आबांनी मला विचारलं, अमेरिकेचं दूध आपल्याकडं येणार म्हणतात ते खरं का. आबांचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं. आता थोडी बागायत आणि दोन गायी आहेत. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांच्याइतके प्रश्न विचारणारं माणूस मी आमच्या कॉलेजातही पाहिलेलं नाही. मी म्हटलं, बघून सांगते. त्यावर आबा रांगेकडं वळून म्हणाले, "शिकल्याली हाय खरी. डॉक्टरबी आधी असंच म्हणतो."

मी बघितलं. कॉलेजच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं चाळली, आमच्या सरांना विचारलं. सरांनी मला एक गोष्ट सांगितली ती मी अजून धरून आहे. जेवढं कळलं तेवढं सांग, आणि जे कळलं नाही ते कळलं नाही असं सांग. तर मला कळलेलं असं होतं, की दोन्ही सरकारांच्या व्यापाराच्या बोलण्यांत अमेरिकेला आपलं दूध, चीज इथं विकायचं आहे आणि आपलं सरकार दुधाच्या बाबतीत अडून बसलं आहे. तिकडचे गोठे म्हणजे गोठे नसून कारखानेच असतात, आणि त्यांना त्यांच्या सरकारचा आधार असतो. शिवाय तिकडं गायींच्या खाद्यात जनावरांच्या अवशेषांपासून केलेले पदार्थही असू शकतात, हाही वादाचा एक मुद्दा आहे.

हे शेवटचं मी सांगायला नको होतं. रांग पुढं सरकेना. गायीला मटण घालतात म्हटल्यावर जो तो मागं वळून दुसऱ्याला सांगायला लागला. एकीनं विचारलं, मग तिकडच्या गायी सोमवार धरत असतील का. डेअरीचे सेक्रेटरी मशीनमागून ओरडले की दूध नासायची वेळ आली, आता पुरे. आणि वैतागून म्हणाले, तुला एवढं सांगायचं असेल तर फळ्यावर लिही आणि मोकळी हो.

फळा भिंतीवर होता. वरच्या अर्ध्या भागात दुधाचे दर, खालच्या अर्ध्या भागात सुविचार. प्रामाणिकपणा हीच खरी श्रीमंती, हे वाक्य मी पाचवी-सहावीत असल्यापासून तिथं होतं. कुणी पुसत नव्हतं आणि कुणी वाचतही नव्हतं. ते काढायला सेक्रेटरींना ओलं फडकं घासावं लागलं. पुढच्या रविवारी मी तिथं सहा-सात ओळी लिहिल्या. जास्त मावत नाहीत.

आमचे चेअरमन आप्पा यांना ते फार आवडलं. आप्पा म्हणजे गावातलं मोठं घर, बरीच वर्षं डेअरी त्यांच्याच हातात. डेअरी उभी केली तीही त्यांनीच, हे मला आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यावरून त्यांचं चित्र वाकडं दिसू नये. पाहुणे आले की ते त्यांना मुद्दाम फळ्यापाशी आणायचे आणि म्हणायचे, आमच्या डेअरीत अमेरिकेच्या बातम्या लागतात. मला लाजल्यासारखं व्हायचं, पण आवडायचंही.

नुसत्या बातम्या लिहायच्या असं मी ठरवलं होतं. ते टिकलं नाही. मामाचा फोन आला त्या आठवड्यात ते बिघडलं. मामाचं दौंड तालुक्यात गुऱ्हाळ आहे. पुण्याचा एक व्यापारी त्याच्याकडून गुळाचे लहान लहान चौकोनी तुकडे करून घ्यायचा आणि अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या दुकानांना पाठवायचा. तिकडच्या अध्यक्षांनी आपल्या मालावर आयात कर वाढवला आणि व्यापाऱ्यानं मामाला थांबायला सांगितलं. मामा मला विचारत होता, "आपण त्यांचं काय घोडं मारलंय?" त्या रविवारी मी फळ्यावर लिहिलं की हा कर आपण भरत नाही, माल घेणारा तिकडचा व्यापारी भरतो आणि शेवटी तो तिकडच्याच गिऱ्हाईकाच्या खिशातून जातो. म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षांनी आमच्या मामाला मारलेली काठी आधी त्यांच्याच लोकांच्या पाठीत बसली आहे. ही बातमी नव्हती, हे माझं मत होतं. लिहून झाल्यावर माझे कान तापले होते.

पण लोकांना ते बातमीपेक्षा जास्त आवडलं. रांगेत जो वाचता येणारा असेल तो आबांसाठी मोठ्यानं वाचायचा आणि वाचताना आपलंही थोडं घालायचा. मामाचं म्हणाल तर मामा खचणारा नाही. त्यानं तेच तुकडे हायवेवरच्या एका चहावाल्याला दिले. आता तिथं गुळाचा चहा मिळतो, आणि पाटीवर लिहिलंय 'एक्सपोर्ट क्वालिटी'.

मग तिकडच्या राजकारणावर प्रश्न यायला लागले. आबांना एक कोडं सुटत नव्हतं. एवढा जर तो माणूस लोकांना नको असेल, तर त्याच्यावर अविश्वास ठराव का आणत नाहीत. मी सांगितलं की तिकडं थेट अविश्वास ठराव नसतो. महाभियोग असतो, आणि त्याला वरच्या सभागृहात दोन तृतीयांश मतं लागतात. आबा म्हणाले, "म्हंजी तिकडंबी मेंबरं सहलीला न्हेत असतील." आमच्याकडं सरपंचावर ठराव आला की मतदानापर्यंत मेंबरांना गाडीत घालून कुठंतरी देवदर्शनाला नेतात आणि फोन काढून घेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रांग हसली. मी म्हटलं, तिकडचं मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

याच सुमारास आईचं एक काम जुळत आलं होतं. डेअरीच्या संचालक मंडळात बाईची एक जागा रिकामी झाली होती. आधीच्या काकू मुलाकडं पुण्याला राहायला गेल्या. आमच्या गावात दोन गट आहेत आणि आमचं घर कुठल्याच गटात नाही. भांडण नको म्हणून आप्पांनी आईचं नाव पुढं केलं होतं. अजून पक्कं नव्हतं, सर्वसाधारण सभेच्या दिवशी ते जाहीर होणार होतं. आईनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत होतं की तिला ती जागा पाहिजे आहे. कारणही माहीत होतं. फॅटच्या मशीनचा आकडा, ज्यावर दुधाचा भाव ठरतो, तो सेक्रेटरींच्या बाजूला दिसतो. दूध घालणारा या बाजूला उभा असतो, त्याला चिठ्ठीवर जे येईल ते. सेक्रेटरी लबाड आहेत असं आईचं म्हणणं मुळीच नाही. ती म्हणते, दूध आपलं आहे तर आकडा आपल्याला दिसला पाहिजे, बाकी काही नाही. दोनदा तिनं रांगेतून हे सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तिला उत्तर मिळालं होतं की टेबल भिंतीला टेकवलेलं आहे. आत बसल्याशिवाय हे टेबल हलत नाही, असं तिचं मत झालं होतं.

आणि मी युद्धावर लिहिलं.

त्या दिवसांत टीव्हीवर सारखी अमेरिकेची विमानं आणि धूर दिसत होता. आमच्या गावातली काही मुलं फौजेत आहेत. लढाई आपली नसली तरी त्यांच्या आया बातम्या लागल्या की टीव्ही बंद करतात, हे मी बघितलं आहे. डिझेल महागणार, खत महागणार, याची चर्चा डेअरीत चालू होती. मला मात्र दुसरंच खुपत होतं. एवढ्या मोठ्या देशात, जिथं कोर्टं अध्यक्षालाही अडवतात, जिथं लोक पाट्या घेऊन रस्त्यावर उतरतात आणि वर्तमानपत्रं तोंडावर बोलतात, तिथं लढाईसारखी गोष्ट एक माणूस ठरवतो कशी? मी दोन दिवस वाचलं, आणि रविवारी फळ्यावर जवळजवळ असं लिहिलं:

'अमेरिकेच्या घटनेप्रमाणे युद्ध पुकारण्याचा अधिकार संसदेचा आहे. पण गेली कित्येक वर्षं तिकडचे अध्यक्ष, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, आधी विमानं पाठवतात आणि मागून संसदेला सांगतात. समजा, डेअरीच्या चेअरमननी सभासदांना न विचारता मोठा खर्च केला आणि सभेत नुसतं मंजूर-मंजूर म्हणवून घेतलं, तर कसं? तसंच हे. फरक एवढाच की तिकडच्या खर्चात माणसं जातात. बॉम्बला पैसे निघतात आणि गरीब देशांतल्या दवाखान्यांची मदत मात्र बंद होते.'

चेअरमनचं उदाहरण मी का घेतलं? कारण संसद, कायदेमंडळ हे शब्द रांगेत कुणाला लागत नाहीत आणि डेअरीची सभा सगळ्यांना लागते. एवढंच. लिहून मी खडू ठेवला आणि आईबरोबर घरी आले.

आता कमानीचं सांगते. त्याच महिन्यात डेअरीपुढं आप्पांनी एक कमान उभी केली होती. दोन्ही खांबांवर सिमेंटच्या गायी, मध्ये संचालकांची नावं, वर कळस. ती कुणाला विचारून केली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि ती झाल्यावर कळलं की दुधाचा टँकर तिच्याखालून जात नाही. टँकर बाहेर रस्त्यावर उभा राहतो आणि पाइपाला पाइप जोडून दूध भरावं लागतं. मी त्या कमानीखालून रोज जात होते. युद्धावर लिहिताना ती माझ्या मनातही आली नव्हती, हे मी कशाचीही शपथ घेऊन सांगते. पण आमच्याकडं कुणी लांबचं लिहीत नाही. लांबचं नाव घेऊन जवळच्याला बोलायचं, हीच रीत. लग्नात उखाणा घेतला तरी तो कुणाला लागला हे आधी बघतात. त्या सकाळी कुणीतरी फळा मोठ्यानं वाचला, 'सभासदांना न विचारता मोठा खर्च' इथं थांबला, आणि सगळी रांग वर कमानीकडं बघायला लागली. आबा म्हणाले म्हणे, पोरीनं नेम धरलाय.

सोमवारी मी गेले तर फळ्यावर सुविचार परत आलेला होता. अक्षर सेक्रेटरींचं. ते मान वर न करता आईला म्हणाले की त्या जागेसाठी आप्पा आता दुसऱ्या एका नावाचा विचार करतायत. आईनं चिठ्ठी घेतली आणि रिकामी किटली उचलली. मला त्या दिवशी कॉलेजात काहीही ऐकू आलं नाही.

मला वाटलं होतं आई रागावेल. संध्याकाळी ती गोठ्यात होती, मी मागं उभी राहून म्हणायला लागले की माझा तसा अर्थ नव्हता, मी जाऊन माफी मागते. ती म्हणाली, माफी कशाची. अमेरिकेच्या अध्यक्षाची मागायची असली तर माग. मग तिनं हात धुतले, पदर नीट केला आणि चप्पल घातली. "चल. आप्पांकडं जाऊन येऊ. त्यांचा गैरसमज झालाय तर आपणच गेलं पाहिजे."

आप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते. आम्हाला बसा म्हणाले, आतून पाणी आलं. नंतर बराच वेळ ते पावसाबद्दल बोलले. माझ्याकडं बघत नव्हते. शेवटी ते म्हणाले, "पोरी, मी काय युद्ध केलंय का गं?"

मी म्हटलं, आप्पा, ते खरंच अमेरिकेबद्दल होतं. मी चाचरत सगळं सांगितलं. घटना, संसद, विमानं. त्यांनी ऐकून घेतलं.

"अमेरिकेचा अध्यक्ष येतो का आपला फळा वाचायला?"

"न्हाई."

"मग लिहितीस कुणासाठी?"

हा प्रश्न मला सरांनीही कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, आपल्यासाठीच. तिकडं एक माणूस सकाळी उठून काहीतरी ठरवतो आणि इकडं मामाचा गूळ थांबतो. आपल्याला त्याला थांबवता येत नाही. निदान कसं झालं ते कळावं. माझा आवाज बारीक होत गेला आणि शेवटचे शब्द मलाच नीट ऐकू आले नाहीत.

आप्पा काही बोलायच्या आत आई बोलली. ती त्यांच्यासमोर खाली मान घालून बसणारी बाई, पण तेव्हा तिनं मान वर केली. "आप्पा, तिनं अमेरिकेचंच लिहिलं. कमानीचं तिच्या डोक्यात न्हवतं. माझ्या डोक्यात हाय."

मला वाटलं, गेली जागा.

"रांगेतून विचारलं की टोमणा व्हतो," आई पुढं म्हणाली. "म्हणून मला आत यायचंय. आत बसून तुमच्या तोंडावर इचारीन, बाहेर जाऊन बोलायची न्हाई. त्ये चालत असंल तर माझं नाव ठेवा. न्हाईतर त्या दुसऱ्या बाईचं घ्या, तिच्याबद्दल माझी काय तक्रार न्हाई."

आप्पांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. बघू म्हणाले. चहा आला तो आम्ही प्यायलो. परतताना मी आईला विचारलं की हे सगळं बोलायचं तिनं आधीच ठरवलं होतं का. ती म्हणाली, छे, चहा येईपर्यंत गप्प बसायचं ठरवलं होतं.

सभेपर्यंत 'बघू'चा अर्थ काय हे आम्हाला कळलं नाही. आई रोजच्यासारखी दूध घालून येत होती. मी मात्र रोज सुविचार वाचत होते. आबा मला म्हणाले, परत लिही काहीतरी, हे वाक्य आम्हाला पाठ हाय.

आमच्या सभेची एक सवय आहे, ती माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. मंडप असतो, खुर्च्या असतात, एका बाजूला बायका. सेक्रेटरी विषय वाचायला लागतात. अजून वाक्य पुरं व्हायचं असतं, तोवर पुरुषांच्या बाजूनं 'मंजूर' असा आवाज उठतो. पुढचा विषय, मंजूर. त्याच्या पुढचा, मंजूर. बिस्किटांचे पुडे आणि चहा मागं तयार असतो आणि लोकांचं लक्ष तिकडं असतं. मी लहानपणी सभेला जायचे ती बिस्किटांसाठीच.

त्या दिवशीही तसंच चाललं होतं. सेक्रेटरींचे कागद संपले आणि आप्पा स्वतः उठले. त्यांनी माइक हातात घेतला, फुंकर मारून बघितली आणि म्हणाले, "आता कमानीचा विषय. त्याबद्दल कुणाला काय विचारायचं असेल तर..."

"मंजूर," लोक म्हणाले.

"अरे, मी काय म्हणतोय ते ऐका. कुणाला काय शंका असंल..."

"मंजूर, मंजूर."

आबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आप्पा माइक धरून उभेच राहिले. इतकी वर्षं त्यांनीच लोकांना ही सवय लावली होती, आणि आता ते स्वतः थांबवायला गेले तर थांबत नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला नीट सांगता येणार नाही. थोडं हसू होतं, थोडी अडचण. मग त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं.

आई उठली. ती म्हणाली, "मला इचारायचंय. टँकर कमानीखालनं जात न्हाई. करायच्या आधी कुणाला सांगितलं असतं तर टँकरची उंची कुणीबी सांगितली असती. का न्हाई सांगितलं?"

आप्पा खरं तर काहीही सांगू शकले असते. पण ते म्हणाले की ते एका गावच्या डेअरीत गेले होते, तिथली कमान बघितली आणि त्यांना आपली डेअरी उघडी उघडी वाटली. आल्या आल्या गवंड्याला बोलावलं. टँकर डोक्यात आला नाही. "इचारायला पायजे होतं," ते म्हणाले. "चुकलं."

आईनं बरं म्हटलं आणि ती बसली. मागून कुणीतरी सवयीनं 'मंजूर' म्हणालं आणि सगळा मंडप हसला, आप्पाही. मग गंभीरपणे चर्चा झाली. कमान पाडायची का वर उचलायची यावर लोक बराच वेळ बोलले, चहा गार झाला, आणि शेवटी ठरलं की खालचा रस्ता खोल करायचा. मला आयुष्यात पहिल्यांदा सभा आवडली.

त्यानंतर आप्पांनी रिकाम्या जागेचा विषय काढला. त्यांनी नाव घेतलं ते आईचं. लोक लगेच मंजूर म्हणायला लागले तसा त्यांनी हात वर केला. "थांबा. हिला इचारलंय का कुणी?" खरंच कुणी विचारलं नव्हतं. आधी तिचं नाव निघालं तेव्हाही वडिलांनाच विचारलं होतं. सगळे आईकडं बघायला लागले. इतके दिवस जिला ती जागा हवी होती, तिला एवढ्या लोकांत काय बोलावं ते सुचेना. तिनं पदर दातात धरला, सोडला, आणि अगदी हळू म्हणाली, "मंजूर."

मंडप किती वेळ हसत होता.

फळा मला परत मिळाला. आप्पांची एकच अट होती. उदाहरण द्यायचंच असेल तर दुसऱ्या गावच्या चेअरमनचं दे. मी विचार केला आणि म्हटलं, आप्पा, मग उदाहरणच देत नाही. ते म्हणाले, तसंही चालेल. आता मी लिहिते तेव्हा जरा जास्त थांबते. अमेरिकेबद्दलची माझी मतं बदललेली नाहीत. लढाई ठरवणाऱ्यानं आधी विचारलं पाहिजे, आणि ज्यांची मुलं जाणार त्यांना तर पहिल्यांदा, असं मला अजून वाटतं. पण 'न विचारता' हे शब्द लिहिणं सोपं आहे, आणि उठून विचारणं किती अवघड आहे, ते मी मंडपात बघितलं. मी तिथं उठले नव्हते. आई उठली होती.

परवा मंडळाची पहिली बैठक झाली. आई नवी साडी नेसून गेली आणि उशिरा आली. मी आणि वडील वाट बघत होतो. तिनं सांगितलं की पहिल्या दोन विषयांना ती चक्क मंजूर म्हणाली, कारण बाकीचे म्हणाले आणि तोंडातून निघून गेलं. तिसऱ्याला तिनं थांबा म्हटलं, आणि आकडा रांगेला दिसेल असं मशीन फिरवायचा विषय काढला. सूचक म्हणून तिचं नाव लिहिलं गेलं. अनुमोदन द्यायला मात्र कुणी तोंड उघडेना. आप्पा म्हणाले, पुढच्या बैठकीपर्यंत अनुमोदक आणा.

तिनं मला विचारलं, तिकडं अमेरिकेत एखाद्याला ठराव आणायचा असला आणि सोबत कुणी नसलं तर काय करतात. मी सांगितलं की ते एकेका सदस्याला गाठतात, बोलतात, पटवतात, कुणाला काय हवंय ते बघतात. आईनं ऐकलं, नुसतं हं म्हटलं, आणि गोठ्यात गेली.

काल आमची गाय व्याली. आज आईनं खरवस केला, वेलदोडे घालून, आणि दोन डबे भरले. एक घरातला. दुसरा कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, वरच्या आळीतल्या संचालकांचा. त्यांना खरवस फार आवडतो असं त्यांची बायको रांगेत म्हणाली होती. मी जरा घाबरत विचारलं की ही लाच तर होत नाही ना.

"लाच न्हाई," आई म्हणाली. "खरवस हाय. डबा आडवा करू नगं, चल."

मी डबा दोन्ही हातांनी धरला आणि तिच्या मागं निघाले.